भाचीच्या प्रश्नावलीसोबत सीमाभागात

सोमवार, बेळगाव

भाची सकाळच्या गाडीनं उतरली. तिच्या कपड्यांची बॅग एवढीशी, आणि कागदांची खोकी मात्र दोन. एकात मराठी प्रश्नावली, दुसऱ्यात कन्नड. प्रश्न तेच. गावागावांत बसून ते माणसांना समजतात का, हे तिला या फेरीत बघायचं होतं. खरा अभ्यास पुढं. माझ्याकडं काम दोन प्रकारचं, गाडी चालवणं आणि दुभाषेगिरी. बँकेच्या नोकरीत हुक्केरी, अथणी, रामदुर्ग अशा बदल्या झाल्यानं कन्नड तोंडात बसलंय. हिचं एमबीबीएस बेळगावात होऊनही कन्नड वॉर्डापुरतंच राहिलं.

पुढं ती स्त्रीरोगतज्ज्ञ होईल असं आमच्या घरात सगळ्यांनी धरलं होतं. तिनं एमडीला समुदाय वैद्यकशास्त्र घेतलं, ज्याला मेडिकलची पोरं पीएसएम म्हणतात आणि मार्क कमी पडलेल्यांनी घ्यायचा विषय समजतात. तिथून ती कॅन्सरच्या साथरोगशास्त्रात शिरली. माझी बहीण पाहुण्यांना 'कॅन्सरची डॉक्टर' एवढंच सांगते. मग पाहुणे हिच्या व्हॉट्सॲपवर रिपोर्ट धाडतात, आणि ही बिचारी कुणाला कुठं पाठवायचं ते सांगत बसते. स्वतः ती गोळीसुद्धा लिहून देत नाही. कॅन्सर कुणाला होतो, कुणाला होत नाही आणि दोघांच्या जगण्यात फरक कुठं आहे, हे शोधणं तिचं काम.

दुपारी एका दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये गेलो. परवानगीचं पत्र आधी पाठवलेलं होतं, तरी साहेब जेवून येईपर्यंत बाकावर बसवलं. मग रजिस्टर उघडलं. नाव, वय, कुठला कॅन्सर, सगळं ठीक. पत्त्याच्या रकान्यात मात्र ओळीनं 'बेळगाव, बेळगाव, बेळगाव'.

"मामा, यातला शहापूरचा कुठला आणि सौंदत्तीचा कुठला, सांगा बघू."

"कसं सांगू? जिल्हाच लिहिलाय."

"तेच तर."

चहा घेताना तिनं समजावलं. दवाखान्यात मिळतो तो वरचा आकडा, रोगी किती. खालचा आकडा, म्हणजे ते रोगी किती माणसांमधले, तो दवाखान्यात नसतो, गावात असतो. दोन्ही एकाच हद्दीतले असल्याशिवाय प्रमाण काढता येत नाही. मोठा दवाखाना उघडला की शहरात कॅन्सर वाढला अशी बातमी येते. पुष्कळदा वाढलेली असते ती लांबून येणाऱ्यांची रांग. म्हणून लोकसंख्येवर आधारलेली कॅन्सर नोंदणी वेगळी ठेवतात. भारतात ती पहिल्यांदा 1963 साली मुंबईत सुरू झाली. खेड्यातली पहिली 1987 ची, बार्शीला. भाचीनं उमेदवारीच्या काळात त्या भागात काम केलंय, त्यामुळं बार्शीचा विषय निघाला की तिचा आवाज जरा चढतो.

मंगळवार, खानापूर

खानापूर तालुका पावसाळ्यात बघावा, पण प्रश्नावलीला पावसाळा चालत नाही. मलप्रभेला फेब्रुवारीतही बऱ्यापैकी पाणी होतं. नंदगडच्या पुढं जंगलाच्या कडेच्या एका वाडीत आशाताईंनी बायका जमवून ठेवलेल्या.

इथला विषय गर्भाशयमुखाचा कॅन्सर. प्रश्न नाजूक. लग्न कितव्या वर्षी झालं, बाळंतपणं किती, पाळीत कापड वापरता की पॅड. मला आशाताईंनी बाहेर काढलं आणि मी फणसाखाली बसून राहिलो, त्यामुळं आत काय बोलणं झालं ते ठाऊक नाही. हसण्याचे आवाज मात्र बरेच आले. चुलीबद्दलचे प्रश्न बाहेर झाले. लाकडाच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था 'बहुधा कॅन्सरकारक' या पायरीवर ठेवते. घरात जळणाऱ्या दगडी कोळशाचा धूर त्याच्या वरच्या, पक्क्या पायरीवर. गॅस सिलिंडर जवळजवळ प्रत्येक घरात होता. चहा गॅसवर, भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवर. म्हणजे 'गॅस आहे का' या प्रश्नाला 'हो' लिहून काहीच हाती लागत नाही. तिनं तो तिथंच खोडला आणि 'काल कशावर काय शिजवलं' असा केला.

परतताना ती बार्शी-उस्मानाबादचं सांगू लागली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागं एचपीव्ही हा विषाणू असतो. त्या शोधासाठी हाराल्ड त्सूर हाउझेन यांना 2008 चं नोबेल मिळालं. पण खेड्यात एकदाच केलेल्या चाचणीनं जीव वाचतात का, हे कुणीतरी मोजायला हवं होतं. ते उस्मानाबाद जिल्ह्यात मोजलं गेलं. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका, खेड्यांचे 52 गट, चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार भागांत वाटलेले. 2009 साली निकाल छापून आला. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही चाचणी झाली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू चाचणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले.

"आणि ज्यांची चाचणी केली नाही त्या?"

"त्यांना माहिती दिली, तपासणीला कुठं जायचं ते सांगितलं. नेहमी मिळते तेवढीच सेवा. यावर पुढं खूप टीका झाली, मामा. माझंही मन त्या बाबतीत दोन्हीकडं जातं. त्या बायका नसत्या तर चाचणीचा उपयोग सिद्ध झाला नसता. आणि त्यातल्या ज्या गेल्या, त्यांच्या घरी जाऊन हे वाक्य मला म्हणता येणार नाही."

देसूरपर्यंत मग कुणी बोललं नाही.

बुधवार, निपाणी

पहाटे निघालो. काकती, हत्तरगीचा टोलनाका. संकेश्वरला थांबून मी मिरची घेतली, कारण संकेश्वरवरून मिरचीशिवाय गेल्याचं घरी चालत नाही. तवंदी घाट उतरला की निपाणी.

निपाणीचा तंबाखू म्हणजे विडीचा तंबाखू. आता शिवारात ऊस आणि सोयाबीन जास्त दिसतं, पण गावातल्या वखारी अजून आहेत आणि गल्लीत शिरताच वास घशाला धरतो. गावाचा भूगोलही मजेशीर. निपाणीची पोरं ज्या देवचंद कॉलेजला शिकतात ते अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. पोरगं सकाळी परराज्यात शिकून दुपारी जेवायला घरी.

वखारीच्या मालकानं आधी वाकडं तोंड केलं. तंबाखू बंद करायला आलेली बाई, असं त्यानं धरलं. भाचीनं संमतीपत्रक वाचून दाखवलं, नावं कुठं जात नाहीत ते सांगितलं, आणि मग सरळ म्हणाली, "तुमचा धंदा बंद करणं माझ्या हातात नाही, काका. आत काम करणाऱ्या बायकांच्या अंगात किती तंबाखू जातो, ते विचारायला आलेय." त्यानं थोडा विचार करून चहा सांगितला.

आत बायका तंबाखू चाळत होत्या. चाळणी हलली की पिवळट भुकटी वर उठते आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात तरंगत राहते. पदर नाकाला बांधलेला, पापण्यांवर थर. मी दाराशी उभा राहूनही शिंकून बेजार. भाची म्हणाली, ज्या बाईनं आयुष्यात तंबाखू तोंडात घातला नाही तिच्याही लघवीत कोटिनिन सापडू शकतं. निकोटिन शरीरात गेलं की त्याचं कोटिनिन होतं, मग ते तोंडातून जावो, नाकातून जावो की हाताच्या कातडीतून. इथं 'तंबाखू खाता का' या प्रश्नाला 'नाही' म्हणणारी बाईसुद्धा तुलनेसाठी कोरी धरता येत नाही. कोरी बाई शोधायला गावाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागणार, आणि तिथं मशेरी.

मशेरीचं मी जवळून पाहिलं ते एका आजींच्या परसात. लोखंडी तवा चुलीवर तापला, त्यावर तंबाखूचा चुरा पसरला. उलथन्यानं हलवत राहायचं. आधी तपकिरी, मग काळा, मग धूर असा की शेजारचं पोर खोकत पळालं. गार झाल्यावर हातानं चुरून, फडक्यातून गाळून डबीत. आजींनी तर्जनीवर घेतली आणि हिरड्यांवर फिरवली. भाचीनं सोनाराकडं असतो तसला छोटा काटा काढला.

"आजी, जेवढी घेताय तेवढीच यावर ठेवा."

"जास्त झाली तर कापून घेणार काय गं?"

सगळ्या हसल्या. चिमूट काट्यावर पडली, आकडा जेमतेम हलला. दुसऱ्यांदा घेतलेली चिमूट पहिलीहून मोठी, तिसरी आणखी मोठी. बघायला माणसं जमली की आजींचा हात सढळ होतो. भाचीनं काटा बाजूला ठेवला आणि विचारलं, डबी कधी भरलीत, संपणार कधी. वजनापेक्षा हे उत्तर भरवशाचं निघालं, कारण डबी संपल्याचा दिवस कुठलीच आजी विसरत नाही.

पुढचा प्रश्न, कधीपासून. तंबाखूनं कॅन्सर व्हायला वीसतीस वर्षं सहज जातात, म्हणून वय नेमकं लागतं. वय विचारलं की उत्तर येतं, 'लई दिस झालं'. भाचीच्या पिशवीत एक तक्ता असतो. कोयनेचा भूकंप 1967, दुष्काळ 1972, महापूर 2005 आणि 2019. निपाणीच्या तक्त्यात तिनं 1981 घातलेलं होतं. त्या वर्षी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूला भाव मागत शेतकऱ्यांनी हायवे अडवला. 6 एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मेले. वखारीतल्या बायकांची संघटनाही त्याच काळातली.

"आंदोलनाच्या आदी का नंतर, आजी?"

"त्याच साली की. थोरली पोटात हुती. दाढ ठणकायची, रात रात झोप न्हाई. सासूनं माझंच बोट धरून लावायला शिकिवलं. आमचं मालक तवा हायवेवरच हुतं. गोळी सुटली म्हणून कळलं आन् माझी मशेरी हातातच राहिली."

भाचीनं 1981 लिहिलं. मग पेन ठेवून ती आजींचं पुढचं ऐकत बसली. ते प्रश्नावलीत कुठंच बसणारं नव्हतं: मालक दोन दिवसांनी कसे घरी आले, बाळंतपण कसं झालं. मला वाटलं, वेळ जातोय. नंतर गाडीत ती म्हणाली, आजींनी सुरुवातीचं साल सांगितलं ते या गोष्टीसकट, म्हणून मला ते खरं वाटतं. नुसतं 'चाळीस वर्षं' म्हणणाऱ्यांपेक्षा या नोंदीवर माझा जास्त भरवसा आहे.

जाताना आजींनी विचारलंच. "तू कसली डॉक्टर म्हणायची? सुई न्हाई, गोळी न्हाई." तिनं त्यांच्या तोंडात टॉर्च मारून पाहिलं. गालाच्या आत पांढरा चट्टा नव्हता. आजी खूश. मशेरी सोडा हे सांगून झालं. त्यावर आजी जे हसल्या, त्यावरून मशेरी सुटेल असं मला तरी वाटत नाही.

गुरुवार, दूधगंगाकाठ

निपाणीत मेव्हण्याकडं मुक्काम केला आणि सकाळी कारदगा, बोरगाव, सदलगा या अंगाला गेलो. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्यामागं आमची मारुती, आणि मारुतीच्या काचेवर पाचट.

आज कामाचा खोळंबा. यादीतली निम्मी घरं कुलूपबंद. माघी पौर्णिमा तोंडावर, गल्लीच्या गल्ली यल्लम्माला सौंदत्तीला गेलेली. मी सुचवलं, शेजारचं घर घेऊ की, दार उघडं आहे, आजी बसल्यात, चहाही मिळेल.

"नाही चालत, मामा. घरात कोण सापडतं? म्हातारी, आजारी, नाहीतर बेकार. जे कामावर किंवा यात्रेला गेलेत ते धडधाकट. उघड्या दाराची घरंच घेतली तर गाव आहे त्याहून आजारी दिसणार. कुलपाला परत यायचं. दोनदा, तिनदा."

बँकेत वसुलीला आम्हीही असंच कुलपाला परत जायचो. फरक एवढाच की आमचा माणूस मागच्या दारानं पसार झालेला असायचा.

वेळ होता म्हणून चौकात बसलो. पानपट्टीवर पोरं. गुटख्यावर महाराष्ट्रानं 2012 साली बंदी घातली, कर्नाटकानं 2013 साली. मधल्या काळात नदीच्या या काठाला गुटखा राजरोस आणि त्या काठाला गुन्हा होता, त्या दिवसांत इथल्या टपऱ्यांचं काय चाललं ते अजून लोक चवीनं सांगतात. आता दोन्हीकडं बंदी, आणि टपरीला दोन पुड्यांची जोडी लटकते. एकीत पानमसाला, दुसरीत तंबाखू, तोंडात एक होतात.

तिथल्या एका पोराला भाचीनं तोंड उघडायला सांगितलं. आपली स्वतःची तीन बोटं उभी धरून आत घालायची, एवढीच परीक्षा. दोनच गेली. तो हसला, पण हसतानाही जबडा पुरता हलला नाही. सुपारीनं गालाच्या आतलं कातडं ताठ होत जातं. त्याला तंबाखूच लागतो असं नाही, नुसती सुपारीही पुरते, आणि सुपारीला स्वतंत्रपणे पक्क्या कॅन्सरकारकांच्या यादीत घातल्याला वीसेक वर्षं होऊन गेली. पोराला तिखट खाल्लं की आग होते, तेवढंच माहीत होतं.

"बरं होतंय काय ते?"

"गेलेलं सगळं परत येईलच असं सांगत नाही. आज थांबलास तर पुढचं थांबायची आशा आहे. आणि दर काही महिन्यांनी तोंड दाखवत जा." तिनं दंतमहाविद्यालयासाठी चिठ्ठी लिहिली. चिठ्ठी त्यानं खिशात घातली, त्याच खिशात पुड्या होत्या.

संध्याकाळी मी जरा चिडून विचारलं, देशात सगळ्यांना ठाऊक आहे तंबाखू वाईट, मग हे मोजत फिरायचं कशाला? ती म्हणाली, 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत 28.6 टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले. धुराचा 10.7 टक्के, बिनधुराचा 21.4, काही जण दोन्ही घेणारे. सिगारेटवर केलेलं जगभरचं संशोधन आपल्याला आयतं लागू पडत नाही. मशेरी विलायतेत कुणी लावत नाही. सुपारी, चुना, कळीचा तंबाखू हे आपलं आपणच मोजायला हवं. सांघवी, राव आणि खानोलकरांनी 1955 साली मुंबईच्या रुग्णांवर ते केलं आणि ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. सगळ्यांना ठाऊक आहे असं जे आपण म्हणतो, ते अशा कुणीतरी घरोघर आणि वॉर्डावॉर्डात विचारलं म्हणून.

शुक्रवार, मिरज

चिकोडी, अंकली, कृष्णेवरचा पूल, कागवाड, आणि म्हैसाळवरून मिरज. एका दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात बसलो. बाकावरची माणसं कुठली? अथणी, रायबाग, चिकोडी. कानावर निम्मं कन्नड. म्हणजे सोमवारी बेळगावच्या रजिस्टरात जी माणसं नव्हती, ती इथं परराज्यात. शिवाय महाराष्ट्रानं 2023 साली आपली जनआरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू केली. आता केसपेपर कुठल्या राज्यात निघतो हे रोगापेक्षा कार्डावर ठरण्याची शक्यता. राजकारणावर मी इथं लिहीत नाही, बेळगावात राहून ते रोज होतंच. पण बेळगाव जिल्ह्यातला कॅन्सर मोजायचा तर मिरज, कोल्हापूर, हुबळी, गोवा, मुंबई या सगळ्यांची रजिस्टरं उघडावी लागणार, हे त्या बाकावर बसून मला पहिल्यांदा नीट कळलं.

भाचीला इथं कॅन्सरचे रोगी नको होते. ती शोधत होती बाकीचे: हाड मोडलेले, मोतीबिंदूचे, हर्नियाचे. तुलनेसाठी. हृदयविकाराच्या रांगेकडं ती फिरकलीही नाही. हृदयरोगी स्वतःच विडी-तंबाखूवाले जास्त, त्यांच्याशी तुलना केली तर तंबाखू आहे त्याहून निर्दोष दिसतो.

जेवताना तिनं डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांचं सांगितलं. लंडन, 1950. फुप्फुसाच्या कॅन्सरचे 649 पुरुष आणि तेवढेच दुसऱ्या आजारांचे. दोन्हीकडं बहुतेक सगळे धूम्रपान करणारे. नुसत्या कॅन्सरवाल्यांकडं बघितलं असतं तर 'आपल्याकडं सगळेच ओढतात' म्हणून विषय संपला असता. कॅन्सरवाल्यांत न ओढणारे निघाले 2, दुसऱ्या गटात 27.

"पंचवीस माणसांचा फरक?"

"आणि कोण किती ओढतं यातलाही. पण मला आवडते ती त्यांची एक वेगळीच तपासणी. काही जणांची मुलाखत कॅन्सरचे म्हणून झाली आणि नंतर निदान चुकीचं निघालं. त्यांच्या सवयी बघितल्या तर दुसऱ्या गटासारख्या. म्हणजे मुलाखत घेणाऱ्यानं कॅन्सर डोक्यात ठेवून उत्तरं फुगवली नव्हती. डॉलनं स्वतःची सिगारेट याच अभ्यासाच्या वेळी सोडली."

मी तिला म्हटलं, तुझ्या त्या आजींना हे सांगायला हवं होतं. ती म्हणाली, आजी डॉलला तीन वाक्यांत गप्प करतील.

स्टेशनात गाडीला तास होता. तिथल्या उपाहारगृहात तिनं दोन्ही भाषांतली प्रश्नावली पसरली आणि खोडाखोड सुरू केली. चिमटीचं वजन गेलं, डबी किती दिवस पुरते ते आलं. वखारीत किती हंगाम काम केलं, हा नवा रकाना. पत्त्याच्या जागी चार प्रश्न: गाव, तालुका, वर्षभर मुक्काम कुठं, आणि आजारपणात उपचाराला कुठल्या गावी गेलात. कन्नड प्रतीत तेच मी लिहिलं, माझ्या बँकेच्या अक्षरात. ऊसतोड संपून माणसं घरी आली की मे महिन्यात ती परत येणार, तेव्हा अथणीकडून सुरुवात.

कारदग्यातल्या कुलपांची यादी माझ्याकडं आहे. यात्रेहून लोक परतले की जाऊन कोण कधी घरी भेटेल ते टिपून ठेवायचं, आणि शेजारच्यांनी कितीही आग्रह केला तरी त्यांचं घर यादीत घालायचं नाही, असं तिनं गाडी सुटताना खिडकीतून दोनदा बजावलं. चहाला जायला हरकत नाही म्हणाली.